पिवळी वायर, हिरवं टोक: घरात आलेल्या फायबरची ओळख

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले अडखळे काढलेत, बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ते इथे सावकाश वाचा.)

आजचा विषय तुमच्या घरातच आहे. राउटरच्या मागे बघा. एक बारीक वायर आत गेलेली दिसेल, पिवळी, पांढरी किंवा काळी, आणि तिच्या टोकाला हिरवा चौकोनी ठोकळा. हे ऐकताय तो माझा आवाज तिथूनच आलाय. तुम्ही मोबाइल डेटावर ऐकत असाल तरी सुटका नाही, कारण टॉवरपासून पुढचा प्रवास बहुतेक वेळा फायबरवरूनच होतो.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. केबल जोडणं हे माझं रोजचं काम नाही. पण कोल्हापुरात घरी बसून पुण्या-बंगळूरच्या कंपनीचं काम करायचं म्हटलं, की नोकरी या केसाएवढ्या काचेवर लटकलेली असते. मीटिंगच्या मधेच लाल दिवा लागला तर समोरच्याला काय सांगणार? तंत्रज्ञ येतो, काहीतरी खटपट करतो, पैसे घेतो आणि जातो. त्यानं काय केलं, ते योग्य केलं का, हे आपल्याला कळत नाही. ते कळावं म्हणून हा भाग.

काचेत उजेड टिकतो कसा

रंकाळ्यात म्हणा, पोहण्याच्या तलावात म्हणा, पाण्याखाली जाऊन तिरकं वर बघितलंय कधी? पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. आतला उजेड फार तिरका आला तर बाहेर न पडता परत आतच वळतो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. दहावीच्या पुस्तकात होतं, आठवतंय ना?

फायबरमध्ये हेच चालतं. मधे एक बारीक काच असते, तिला कोअर म्हणतात. तिच्याभोवती थोड्या वेगळ्या काचेचा थर असतो, ते क्लॅडिंग. कोअरचा अपवर्तनांक क्लॅडिंगपेक्षा किंचित जास्त ठेवतात, त्यामुळे उजेड कोअरमध्येच अडकून पुढे सरकतो. क्लॅडिंगसकट काचेची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्यावर प्लास्टिकचा लेप चढला की २५० मायक्रॉन.

या गोष्टीत आपला एक माणूस आहे. नरिंदरसिंग कपानी, जन्म १९२६, पंजाबातल्या मोग्याचे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत त्यांनी काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं आणि १९५४ साली ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. ‘फायबर ऑप्टिक्स’ हा शब्द रूढ केला तोही त्यांनीच. भारत सरकारनं त्यांना २०२१ साली मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

पण तेव्हाची काच लांबच्या संदेशासाठी कामाची नव्हती. उजेड थोड्याच अंतरात विझायचा. चार्ल्स काओ यांनी १९६६ साली सांगितलं, की दोष काचेच्या स्वभावाचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी घट असलेली काच बनवा, मग फोन त्यावरून चालतील. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं १९७० मध्ये ती बनवली. काओ यांना २००९ चं नोबेल मिळालं.

२० डेसिबल म्हणजे किती? एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उजेड शिल्लक. आजच्या चांगल्या फायबरमध्ये ही घट किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल आहे. म्हणजे १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा उजेड उरतो. कोल्हापुरातून निघून पन्हाळ्याच्या वाटेवर बराच पुढे जाल, एवढी लांब काच, आणि पलीकडून अर्धा उजेड दिसतोय.

अशी काच आपल्या महाराष्ट्रातही बनते. एसटीएल, म्हणजे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज, या कंपनीचे कारखाने छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा इथे आहेत. आधी अतिशुद्ध काचेचा जाड दांडा बनवतात, त्याला प्रीफॉर्म म्हणतात. तो उंच मनोऱ्यावर टांगून खालचं टोक सुमारे दोन हजार अंशांपर्यंत तापवतात आणि पाकाची तार ओढावी तसा धागा खाली ओढून रिळावर गुंडाळतात.

सिंगल मोड आणि मल्टी मोड

आता प्रकार. मुख्य प्रकार दोनच.

समजा बिंदू चौकातून पाच मित्र एकाच वेळी निघाले, रंकाळ्यावर जायला. एक महाद्वार रोडनं गेला, एक गल्लीबोळातून, एक दसरा चौकाला वळसा घालून. निघाले एकदम, पण पोचले वेगवेगळ्या वेळी. त्यांच्यामागे दुसरा गट लगेच सोडला, तर रंकाळ्यावर दोन्ही गटांची सरमिसळ होणार. कोण कुठल्या गटातला, कळणार नाही.

मल्टी मोड फायबरमध्ये हेच होतं. त्याचा कोअर जाड असतो, ५० किंवा ६२.५ मायक्रॉन. उजेडाला अनेक वाटा मिळतात, त्यामुळे एक ठोका पसरत जातो आणि अंतर वाढलं की पुढच्या ठोक्यात मिसळतो. सिंगल मोडचा कोअर असतो जेमतेम ९ मायक्रॉनचा. वाट एकच. म्हणून ते कित्येक किलोमीटर चालतं.

मग मल्टी मोड वापरायचं तरी कशाला? कोअर जाड, त्यामुळे उजेड आत घालणं सोपं, आणि दोन्ही टोकांची उपकरणं स्वस्त पडत आली. एकाच इमारतीत, एकाच सर्व्हर रूममध्ये ते पुरतं. त्याच्या पिढ्या अशा, आणि प्रत्येकीवर १० गिगाबिटचा वेग किती मीटर चालतो तेही बघा:

• ओएम१: कोअर ६२.५ मायक्रॉन, बाहेरचा रंग नारिंगी, ३३ मीटर.
• ओएम२: कोअर ५० मायक्रॉन, रंग नारिंगी, ८२ मीटर.
• ओएम३: कोअर ५० मायक्रॉन, रंग फिकट निळसर हिरवा, ३०० मीटर.
• ओएम४: तोच कोअर, रंग निळसर हिरवा किंवा जांभळट, ४०० मीटर.
• ओएम५: पोपटी रंग. एकाच तंतूत चार वेगळ्या तरंगलांबी घालता याव्यात म्हणून काढलेला.

सिंगल मोड पॅच कॉर्ड पिवळी असते, नाव ओएस१ किंवा ओएस२. तुमच्या घरातलं फायबर सिंगल मोडच आहे. घराबाहेरच्या केबलचं आवरण काळं असतं, कारण काळं प्लास्टिक उन्हात लवकर खराब होत नाही. त्यामुळे रंगावर शंभर टक्के विसंबू नका, केबलवर छापलेलं वाचा.

छापलेल्यात अजून एक गोष्ट शोधायची. ‘जी ६५२ डी’ की ‘जी ६५७’? हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे दर्जे आहेत. ६५२ डी लांब पल्ल्याचं नेहमीचं फायबर. ते ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा जास्त वाकवू नये. ६५७ हे वाकवण्यासाठीच बनलेलं: ए१ प्रकार १० मिलिमीटरपर्यंत, ए२ प्रकार ७.५ मिलिमीटरपर्यंत. घरात वायर दाराच्या चौकटीला, कपाटामागे, कोपऱ्याला वळते. तिथे ६५७ हवं. वायरिंग करून घेताना एवढं एक विचारलंत तरी समोरचा माणूस जरा सावरून काम करतो.

काचेच्या अंगावरचे कपडे

काच तीच, पण तिला कुठे जायचंय त्यावर तिचे कपडे ठरतात.

जमिनीखालच्या केबलमध्ये फायबर सैल नळ्यांत असतात, आत पाणी शिरू नये म्हणून चिकट जेली, मधे ताण घेणारा दांडा, आणि बऱ्याचदा बाहेरून स्टीलचं कवच. हे कवच घुशी-उंदरांसाठी. ज्यांच्या परड्यात घुशी आहेत त्यांना जास्त सांगायला नको.

खांबावरून जाणाऱ्या केबलला स्वतःचं वजन पेलावं लागतं. काहींना सोबत स्टीलची तार असते, काहींत धातू अजिबात नसतो आणि ताण अॅरामिड धागे घेतात. खांबापासून घरापर्यंतची शेवटची चपटी किंवा गोल बारीक वायर म्हणजे ड्रॉप केबल. तिच्यात एक-दोन फायबर आणि कडेला ताण घेणारे दोन दांडे किंवा तारा असतात.

मोठ्या केबलमध्ये एका नळीत बारा फायबर असले तर ओळखायचे कसे? रंगानं. क्रम ठरलेला आहे: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि निळसर हिरवा. भर रस्त्यात, पावसात, टॉर्चच्या उजेडात जोडणी करणाऱ्याला हा क्रम पाढ्यासारखा पाठ असतो.

कनेक्टर: चौकोनी, छोटा, फिरकीचा

आता टोकं. कनेक्टरचं काम ऐकायला सोपं आहे: दोन काचा समोरासमोर आणायच्या. पण कोअर ९ मायक्रॉनचा आहे. दोन्ही कोअर मायक्रॉनच्या हिशोबात एका रेषेत यायला हवेत. ते काम करते कनेक्टरच्या टोकाची सिरॅमिकची पांढरी नळी. तिला फेरूल म्हणतात.

• एससी: चौकोनी, ढकलला की टक् करून बसतो, ओढला की निघतो. फेरूल २.५ मिलिमीटर. जपानच्या एनटीटी कंपनीनं बनवलेला. घरातला हिरवा ठोकळा तो हाच.
• एलसी: एससीच्या निम्मा. फेरूल १.२५ मिलिमीटर. लँडलाइनच्या पिनेसारखी छोटी खिट्टी. ल्युसेंट कंपनीचा. ऑफिसच्या स्विचमध्ये, डेटा सेंटरमध्ये सगळीकडे हाच, आणि बहुतेकदा जोडीनं: एक पाठवायला, एक घ्यायला.
• एसटी: गोल, बल्ब होल्डरमध्ये फिरवून बसवतो तसा. जुन्या कॉलेजांच्या नेटवर्कमध्ये अजून दिसतो.
• एफसी: स्क्रूसारखा आटे असलेला. हादरे बसतात तिथे आणि मोजणीच्या यंत्रांवर.
• एमपीओ: एकाच चपट्या टोकात बारा किंवा जास्त फायबर. नवी मुंबईतल्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये याचंच राज्य.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे रंग. निळा म्हणजे यूपीसी, हिरवा म्हणजे एपीसी. फरक टोकाच्या घासणीत आहे. यूपीसीचं टोक जवळजवळ सरळ, किंचित फुगीर घासलेलं असतं. एपीसीचं ८ अंश तिरकं. सरळ टोकावरून थोडासा उजेड आल्या वाटेनं परत जातो. तिरक्या टोकावरून परतणारा उजेड कोअरबाहेर फेकला जातो आणि संपतो. आपल्याकडे अनेक केबलवाले एकाच फायबरवरून टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही देतात. टीव्हीचा सिग्नल १५५० नॅनोमीटरवर येतो आणि परत फिरलेल्या उजेडानं तो लवकर बिघडतो. म्हणून घराकडे येणाऱ्या लाइनीत हिरवा.

हिरवा निळ्यात बसतो का? बसतो, आणि इथेच घोळ होतो. आकार एकच असल्यामुळे आरामात आत जातो. पण एक टोक सरळ, एक तिरकं, मधे हवेची फट राहते. काही डेसिबल तिथेच गेले, शिवाय काचेच्या टोकाला ओरखडा पडायची भीती. नेट कधी चालतं, कधी नाही, आणि कारण कुणाला सापडत नाही. नियम एकच: हिरव्याला हिरवा, निळ्याला निळा.

दुसरा शत्रू धूळ. कोअर ९ मायक्रॉनचा, त्यावर पाच मायक्रॉनचा एक कण बसला तरी निम्मी वाट अडली. म्हणून टोकावरचं प्लास्टिकचं टोपण फेकायचं नाही. टोक बोटानं किंवा शर्टाला पुसायचं नाही, बोटाचं तेल काचेवर राहतं. त्यासाठी धागे न सुटणारं कापड आणि शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, किंवा टक् करून पुसणारा पेनसारखा क्लीनर मिळतो. आणि टोकात डोळा घालून बघायचं नाही. हा उजेड अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

केबलवाल्याच्या ऑफिसपासून तुमच्या राउटरपर्यंत

घरोघरीच्या फायबरची सगळ्यात रूढ पद्धत म्हणजे जीपॉन. ऑफिसात एक यंत्र असतं, ओएलटी. त्यातून एक फायबर निघतं आणि वाटेत स्प्लिटरनं त्याच्या फांद्या होतात: आठ, सोळा, बत्तीस. स्प्लिटरला वीज लागत नाही. ती फक्त उजेड वाटणारी काच आहे. शेवटी तुमच्या घरातली डबी, ओएनटी.

एकाच फायबरवर बत्तीस घरं, मग गोंधळ होत नाही का? सीबीएस स्टँडवर लाउडस्पीकरवर गारगोटी गाडीची घोषणा होते. ऐकतात सगळे, उठतात फक्त गारगोटीला जाणारे. खाली येणारा डेटा असाच सगळ्या घरांकडे जातो आणि तुमची डबी फक्त तुमचा उचलते. शेजाऱ्याला तुमचा वाचता येऊ नये म्हणून तो कूटबद्ध करायची सोय जीपॉनमध्ये आहे. वर जाताना मात्र ग्रामसभेसारखं: ज्याला वेळ दिली त्यानंच बोलायचं. हे वेळापत्रक ओएलटी ठरवतं. खाली येताना १४९० नॅनोमीटर, वर जाताना १३१०, त्यामुळे एकाच काचेत दोन्ही दिशा चालतात. खाली २.५ गिगाबिट आणि वर १.२५ गिगाबिट, सगळ्या घरांत मिळून.

आता हिशोब. उजेडाची ताकद डीबीएममध्ये मोजतात. ३ डेसिबल गेले म्हणजे उजेड निम्मा झाला. एक नमुना धरू:

• ओएलटीतून निघाला: अधिक ३
• ६ किलोमीटर फायबर, किलोमीटरला ०.३ प्रमाणे: वजा १.८
• आठ फांद्यांचा स्प्लिटर: वजा १०.५
• पुढे चार फांद्यांचा स्प्लिटर: वजा ७.३
• चार कनेक्टर, प्रत्येकी ०.३: वजा १.२
• सहा जोड, प्रत्येकी ०.१: वजा ०.६
• घरी पोचला: उणे १८.४ डीबीएम

निघालेल्या उजेडाचा शंभरावा भागही उरला नाही, तरी डबी खूश आहे. नेहमीच्या जीपॉन डबीला उणे ८ ते उणे २७ एवढ्यात काहीही चालतं. आता कुणीतरी कपाट सरकवलं, वायर मागे चेपली आणि तिथे ७ डेसिबल गेले. झाले उणे २५.४. अजून चालू आहे. पण कनेक्टरवर धूळ बसली, आणखी २ गेले, की काठाबाहेर. मग लाल दिवा. बघा, दोष आज आलेला नाही, तो महिनाभर साचत होता.

बऱ्याच राउटरच्या सेटिंगमध्ये ‘आरएक्स पॉवर’ किंवा ‘ऑप्टिकल पॉवर’ असा आकडा दिसतो. आज नेट चांगलं चालतंय तोवर तो लिहून ठेवा. पुढे बिघाड झाला की तंत्रज्ञाला म्हणायचं, “दादा, आधी उणे १९ होता, आता उणे २६ आहे.” मग ‘राउटर बदला’ हा सल्ला सहसा येत नाही.

जोड कसा दिलाय हेही बघा. खरा जोड म्हणजे फ्युजन स्प्लायसिंग. दोन्ही टोकं सोलायची, पुसायची, क्लीव्हरनं काटकोनात तोडायची आणि विजेच्या ठिणगीनं वितळवून एक करायची. त्यावर संरक्षक नळी. घट ०.१ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून कमी. घाईत मात्र ‘फास्ट कनेक्टर’ बसवतात, तो नुसता दाबून बसतो. त्याला यंत्र लागत नाही, काम पाच मिनिटांत होतं. पण घट जास्त, आणि काचा सरकल्या किंवा आतलं जेल वाळलं की दुखणं परत सुरू. घरात कायमची लाइन असेल तर स्प्लायसिंगच मागा. आणि काचेचे तुटके तुकडे तंत्रज्ञानं फरशीवर टाकले असतील तर टेपला चिकटवून उचलायला लावा. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पायात मात्र शिरतात.

पूर, ऊस आणि जेसीबी

कोल्हापूरकरांना हा प्रश्न पडतोच: पुरात फायबर चालतं का?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. आता फायबरपुरतं बोलायचं तर काच पाण्याखाली चालते. मुंबईच्या किनाऱ्यावर परदेशातून आलेल्या केबली अख्खा समुद्र पार करून येतात. बुडतात त्या बाकीच्या गोष्टी: ओएलटीची वीज, बॅटऱ्या, रस्त्याकडेच्या पेट्या, सैल झाकणांचे जोड. म्हणून पूरभागात राहणाऱ्यांनी केबलवाल्याला विचारायचं, की तुमचं यंत्र कितव्या मजल्यावर आहे आणि बॅकअप किती तासांचा आहे. टॉवरचं फायबर तुटलं तर मोबाइलवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि नेट मात्र शून्य, हेही लक्षात ठेवा.

एरवीच्या दिवसांत शत्रू वेगळे. हंगामात उसाच्या उंच भरलेल्या ट्रॉल्या खाली लोंबणारी केबल ओढून नेतात. मिरवणुकीत उंच मूर्तीसाठी आडव्या केबली वर घ्याव्या लागतात. आणि जेसीबीचा दात तर आहेच. रस्ता रुंदीकरण, पाण्याची लाइन, ड्रेनेज, कुणी ना कुणी खोदतच असतं. केंद्र सरकारनं २२ मार्च २०२३ ला ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अॅप आणलं: खोदणाऱ्यानं आधी कळवायचं, म्हणजे खाली ज्याची केबल आहे त्याला निरोप जातो. बेताल खोदाईनं देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं, असं तेव्हा सरकारनंच सांगितलं होतं. सोसायटीत किंवा गल्लीत खोदकाम निघालं तर ठेकेदाराला या अॅपचं नाव जरूर विचारा.

तुटलेलं ठिकाण शोधतात कसं? दरीच्या काठावर उभं राहून हाक मारायची आणि प्रतिध्वनी किती वेळानं येतो ते मोजायचं, तसं. त्या यंत्राचं नाव ओटीडीआर. उजेड काचेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. प्रतिध्वनी १० मायक्रोसेकंदांनी आला तर तूट एक किलोमीटरवर आहे.

शिरोली-गोकुळ शिरगावच्या मंडळींसाठी

तुमच्यापैकी काहींच्या घरी फाउंड्री किंवा मशीन शॉप आहे. ऑफिसपासून शेडपर्यंत कॅमेऱ्याची, संगणकाची तांब्याची लॅन केबल टाकलेली असते. तिला तीन अडचणी. एक, ती १०० मीटरच्या पुढे जात नाही. दोन, भट्ट्या आणि मोठ्या मोटारींचा विद्युत गोंगाट तिच्यात शिरतो. तीन, वळीव. एप्रिल-मे महिन्यात वीज जवळपास पडली की दोन इमारतींमधली तांब्याची तार झटका आत घेऊन येते. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये एका संध्याकाळी स्विच आणि चार कॅमेरे असेच गेले.

काचेतून वीज वाहत नाही, म्हणून दोन इमारतींच्या मधे फायबर टाकायचं. केबल बिनधातूची मागायची, नाहीतर ताण घेणारी तार झटका आणणारच. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर किंवा एसएफपी बसणारा स्विच. अंतर दोनशे-तीनशे मीटर असलं तरी माझा सल्ला सिंगल मोडचा. त्याची उपकरणं आता पूर्वीसारखी महाग राहिलेली नाहीत, आणि पुढे वेग वाढवायचा झाला तर फक्त डब्या बदलाव्या लागतात, जमिनीतली काच तीच राहते. आणि दोन फायबर लागत असतील तर चार टाका. खोदाईचा खर्च एकदाच होतो.

नेहमी विचारले जाणारे चार प्रश्न

*जास्तीची वायर गुंडाळून ठेवली तर चालते का?* चालते. जेवणाच्या ताटलीएवढा सैल वेढा करा. घडी घालू नका, खिळा ठोकू नका, आवळून बांधू नका.

*पिंग कमी का होत नाही?* कोल्हापूर ते मुंबई सुमारे पावणेचारशे किलोमीटर. काचेतून उजेड जाऊन येऊन साधारण ४ मिलिसेकंद लागतात. त्याच्या वरचा आकडा राउटरांचा, वळशाच्या वाटांचा, गेमचा सर्व्हर कुठल्या देशात आहे त्याचा. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबली तुटल्या तेव्हा भारतातल्या नेटवरही परिणाम झाला होता.

*स्पीड कमी आला की फायबर खराब?* आधी लॅपटॉप वायरनं राउटरला जोडून मोजा. तिथे पूर्ण स्पीड येत असेल तर दोष वायफायचा.

*हे काम शिकून नोकरी लागते का?* ऑप्टिकल फायबर स्प्लायसर आणि ऑप्टिकल फायबर टेक्निशियन हे टेलिकॉम क्षेत्रातले मान्य अभ्यासक्रम आहेत. भारतनेटच्या सुधारित योजनेला ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झालेत, गावोगावी केबल टाकायची आणि सांभाळायची आहे. हात स्थिर असेल, रंगांचा क्रम पाठ असेल आणि पावसात खांबावर चढायची तयारी असेल, तर विचार करा.

आजच्यासाठी एवढं पुरे. हा भाग संपला की एक काम करा: राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन उजेडाचा तो आकडा बघा आणि फोनमध्ये तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या भागात राउटरच्या अलीकडचं बघू, म्हणजे वायफाय, आणि भिंत मधे आली की ते का रुसतं. भेटू. काळजी घ्या.